पाठीतले पाणी आणि आपले लेखन

शालेय शास्त्राच्या पुस्तकांत मज्जासंस्थेच्या धड्यात एक वाक्य सहसा असतेच. मेंदू व मेरुरज्जू यांच्याभोवती आवरणे असतात, त्यांच्या दरम्यान मस्तिष्क-मेरुद्रव असतो आणि तो धक्क्यांपासून रक्षण करतो. वाक्य बरोबर आहे. परीक्षेत त्यावर ‘रिकाम्या जागा भरा’ किंवा ‘जोड्या लावा’ येते, विद्यार्थी गुण मिळवतात आणि या द्रवाची गोष्ट तिथेच संपते.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शिकवणाऱ्या शिक्षकापुरती मात्र ती तिथे संपत नाही. डोळखांबकडचा एखादा पाडा असो की टोकावड्याकडची एखादी वाडी असो, मूल चार दिवस तापाने फणफणते, मान ताठ होते, झटके येतात आणि घरचे लोक त्याला कसेबसे कल्याणला किंवा ठाण्याला मोठ्या दवाखान्यात पोचवतात. तिथले डॉक्टर सांगतात, पाठीतले पाणी काढून तपासावे लागेल, इथे सही करा. बाप सही करताना थबकतो आणि गावाकडच्या ओळखीच्या शिकलेल्या माणसाला फोन लावतो. हा शिकलेला माणूस बहुधा शाळेतला शिक्षक असतो. “गुरुजी, पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो म्हणतात. खरं का? सही करू का नको?”

या प्रश्नाला उत्तर देताना पुस्तकातले ते एक वाक्य काही कामाला येत नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्या येत नाहीत आणि आरोग्यविषयक लेखही फारसे येत नाहीत. ते का येत नाहीत, हे तपासण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. द्रवाची माहिती ओघाने येईलच, पण आमचा मुख्य रोख आपल्या विज्ञानलेखनाकडे आहे.

आधी बापाच्या प्रश्नाचे उत्तर

मेरुरज्जू पाठीच्या कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली द्रवाने भरलेल्या पिशवीत फक्त नसांचा झुपका लोंबत असतो. शरीररचनाशास्त्रात त्याला घोड्याच्या शेपटीचेच नाव दिले आहे. सुई घालतात ती कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या फटीतून, म्हणजे मेरुरज्जू जिथे नाहीच तिथे. नवजात बालकात मेरुरज्जू तिसऱ्या मणक्यापर्यंत उतरलेला असतो, म्हणून तान्ह्या मुलांत खालचीच फट निवडतात. पाण्यात तरंगणारे दोरे सुईच्या टोकाला सहसा बाजूला सरकतात.

आता प्रमाण पाहू. मोठ्या माणसात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवा तयार होतो. म्हणजे तासाला वीसेक मिलिलिटर. तपासणीसाठी साधारण १० मिलिलिटर घेतला, तर तो भरून यायला अर्धा तास पुरतो. लहान मुलाचा याहून बराच कमी घेतात. ‘अंगातले पाणी आटेल’ ही भीती या एका भागाकाराने दूर होते, आणि हा भागाकार सातवीतला मुलगाही करू शकतो.

मग लुळे पडण्याची समजूत आली कुठून? आम्हाला दोन कारणे दिसतात. पहिले असे, की ही तपासणी होते तीच मुळात गंभीर आजारी माणसाची. आजाराने पुढे हात-पाय गेले, तर लोकांच्या लक्षात राहते ती सुई. ‘नंतर घडले म्हणून त्याच्यामुळे घडले’ ही तर्कातली जुनी चूक आहे. दुसरे कारण बाळंतपणातल्या शस्त्रक्रियेचे. तेव्हा पाठीत भुलीचे इंजेक्शन देतात तेही याच जागी, आणि त्याने पाय काही तास खरोखरच बधिर होतात. त्या इंजेक्शनाने औषध आत जाते, या सुईने द्रव बाहेर येतो. हा फरक समजावून कोणी सांगत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकच होऊन बसतात.

पण सुईत काहीच धोका नाही असे सांगणेही खोटेपणाचे होईल. काही जणांचे डोके नंतर काही दिवस दुखते. बारीक आणि विशिष्ट टोकाच्या सुईने ते कमी होते. मेंदूत गाठ किंवा गळू असून आतला दाब फार वाढला असेल, रक्त गोठण्यात दोष असेल किंवा सुईच्या जागी कातडीला संसर्ग असेल, तर डॉक्टर ही तपासणी टाळतात किंवा पुढे ढकलतात. म्हणून गुरुजींनी बापाला सांगायचे ते इतके : “सुईने लुळेपण येत नाही. हिला काही अडचण आहे का, एवढं डॉक्टरांना विचारा. नसेल तर सही करा, उशीर करू नका.”

पुस्तकाने काय गाळले

हा द्रव म्हणजे मेंदूची उशी, ही पुस्तकांची आवडती उपमा. ती चूक नाही. उलट पुस्तके तिचाही पुरता उपयोग करत नाहीत. हवेत सुमारे १४०० ग्रॅम भरणारा मेंदू या द्रवात तरंगतो तेव्हा त्याचा भार जेमतेम ५० ग्रॅम उरतो. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना याहून चांगले उदाहरण कुठे मिळणार? पण ते त्या धड्यात नसते आणि या धड्यातही नसते.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. उशी ही निर्जीव वस्तू आहे. हा द्रव मात्र सतत तयार होतो, मेंदूभोवती आणि कण्यात फिरतो, रक्तात परत मिसळतो आणि वाटेत मेंदूच्या अंगणात काय चालले आहे त्याच्या खुणा बरोबर घेतो. निरोगी स्थितीत तो पाण्यासारखा नितळ असतो. एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी पाचांहून जास्त नसतात, १०० मिलिलिटरमध्ये प्रथिने १५ ते ४५ मिलिग्रॅम असतात आणि साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश असते. पेशी, प्रथिने, साखर या तीनच गोष्टींच्या चढउतारावरून पुष्कळ काही वाचता येते.

पू करणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग असेल तर द्रव गढूळ होतो, पेशी शेकड्यांनी किंवा हजारांनी वाढतात, साखर घसरते. विषाणूंचा असेल तर लसिकापेशी वाढतात, पण साखर बहुधा जागेवर राहते. क्षयाचा असेल तर लसिकापेशींबरोबर प्रथिने खूप वाढतात आणि साखर कमी होते; असा द्रव उभ्या नळीत ठेवला तर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरतो. मेंदूतला मलेरिया असेल तर द्रव जवळजवळ निरोगी माणसासारखा असतो. तिथे निदान रक्ताच्या काचपट्टीवर होते, आणि द्रवाचा उपयोग ‘इथे दुसरे काही नाही’ हे दाखवण्यासाठी.

जर्मनीतल्या कील येथील हाइनरिक क्विंके यांनी १८९१ मध्ये ही सुईची पद्धत मांडली. मेंदूवरचा दाब हलका करावा हा त्यांचा मूळ हेतू होता. पण निघालेला द्रव फेकून न देता त्यांनी त्याचा दाब मोजला, प्रथिने आणि साखर तपासली. उपचार म्हणून सुरू झालेली गोष्ट पाहता पाहता पुरावा देणारी झाली. हा इतिहास चार ओळींचा आहे. उशीच्या वाक्यानंतर या चार ओळी आल्या असत्या, तर विद्यार्थ्याला निदान म्हणजे काय याची चव मिळाली असती.

‘मेंदूज्वर’ या शब्दाविषयी

आपल्या बातम्यांत आणि बोलण्यात ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द किती आजारांना पुरतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. मेंदूच्या आवरणांना सूज येते तो मस्तिष्कावरणशोथ, खुद्द मेंदूला सूज येते तो मस्तिष्कशोथ, डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर, मेंदूतला मलेरिया, क्षयाचा मेंदूवरचा हल्ला. सगळ्यांना एकच नाव. यांतल्या काहींवर नेमके औषध आहे, काहींवर नाही. काहींत तासांचा हिशेब असतो, तर क्षयाचा आजार दोन-तीन आठवडे हळूहळू वाढतो : बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, वर्गात पेंगणारे मूल. या अवस्थेत तो ओळखला तर मूल पुष्कळदा पूर्ण बरे होते. बेशुद्धी आल्यावर ओळखला तर जीव वाचूनही दृष्टी, ऐकणे किंवा बुद्धी यांचे नुकसान राहू शकते.

जन्मल्यावर देतात त्या बीसीजी लसीचा एक मोठा उपयोग लहान मुलांना क्षयाच्या या प्रकारापासून वाचवणे हाच आहे. तरी लस घेतलेल्या मुलालाही तो होऊ शकतो. शब्द एकच ठेवला की ‘मेंदूज्वर झाला, आता देवाच्या हाती’ असे म्हणून लोक मोकळे होतात. बोजड पारिभाषिक शब्दांचा आग्रह आम्ही धरत नाही. ‘मेंदूच्या आवरणाचा क्षय’ हे साधे मराठी आहे आणि ते पुरेसे नेमके आहे. बातमीदाराने आणि शिक्षकाने एवढी नेमकी भाषा वापरावी.

पुण्याची साथ : बातमीत न आलेला वेळ

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत हातापायांतली शक्ती जाण्याचे अनेक रुग्ण एकाएकी आढळले. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’, हे नाव घरोघरी पोचले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट वळले.

त्या वेळच्या बातम्यांत काही ठिकाणी ‘जीबीएस विषाणू’ असा उल्लेख होता. असा विषाणू नाही. आधी झालेल्या एखाद्या संसर्गाशी लढताना शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते, तेव्हा हा आजार होतो. पण त्याहून मोठी उणीव आम्हाला वाटली ती ही : आज किती संशयित, किती पक्के, हे आकडे रोज आले; ‘संशयित’चा ‘पक्का’ कशाने होतो, हे क्वचितच आले.

लक्षणे, नसांमधल्या विद्युत्संदेशांची चाचणी आणि मेरुद्रव या तिन्हींचा मेळ घालून ते ठरते. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या द्रवात एक विसंगती नोंदवली : प्रथिने वाढलेली, पण पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. संसर्गात दोन्ही वाढतात, इथे एकच वाढते. ही विसंगती आजही निदानाला मदत करते. मात्र ती दिसायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांत प्रथिने अजून वाढलेली नसतात. म्हणजे तिसऱ्या दिवशीचा ‘नॉर्मल’ अहवाल आजार नसल्याचा पुरावा होत नाही. अहवालावरची तारीख हा अहवालाचाच भाग आहे. ही एक गोष्ट वाचकांना समजली असती, तर ‘सकाळी नाही म्हणाले, आता आहे म्हणतात’ असा डॉक्टरांवरचा रोष पुष्कळ कमी झाला असता.

चांगल्या युक्तिवादाचा एक नमुना

नुसती टीका नको म्हणून मुंबईतले एक उदाहरण देतो. १९७१ मध्ये मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. डोळे काही दिवसांत बरे झाले, पण त्यानंतर काही प्रौढ रुग्णांच्या पायांत पोलिओसारखे लुळेपण आले. ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी या दोन घटनांतला संबंध ओळखला आणि १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो मांडला. १९८१ च्या साथीत त्यांनी पुन्हा असे रुग्ण अभ्यासले. मेरुद्रवात एन्टरोव्हायरस ७० या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली, तेव्हा डोळ्यांचा आणि पायांचा धागा पक्का झाला.

इथे ‘डोळे आले, मग पाय गेले’ एवढ्यावर कोणी थांबले नाही. थांबले असते तर तेही ‘नंतर म्हणून त्याच्यामुळे’च झाले असते. विषाणूच्या खुणा मज्जासंस्थेच्या अंगणात सापडतात का, हे पाहिले गेले. त्या रक्तातून झिरपून आल्या असतील, अशीही शंका घेता येते. म्हणून अशा वेळी रक्त आणि मेरुद्रव शेजारी ठेवून तुलना करतात. सुईवर लुळेपणाचा आळ घेणारे गावकरी आणि डोळ्यांच्या साथीचा माग काढणारे डॉक्टर यांच्यातला फरक हुशारीचा नाही, तपासून पाहण्याच्या सवयीचा आहे. अशा गोष्टी मराठीत विद्यार्थ्यांसाठी लिहिल्या जायला हव्यात.

‘चाचणी’ म्हणजे निकाल नव्हे

आता आरोग्यविषयक लेखांकडे, म्हणजे आमच्यासारख्यांच्याच लेखनाकडे. ‘आता एका चाचणीत निदान’ असे मथळे आम्हालाही आवडतात. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमधल्या संशोधकांनी मेंदूच्या आवरणाच्या क्षयासाठी मेरुद्रवातल्या एका विकराचे, एडीएचे, मोजमाप अभ्यासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात संवेदनक्षमता सुमारे ८२ टक्के आणि विशिष्टता सुमारे ८३ टक्के आहे. म्हणजे खरे १०० रुग्ण असतील तर ८२ पकडले जातात, आणि क्षय नसलेल्या १०० पैकी ८३ जणांना चाचणी बरोबर ‘नाही’ म्हणते.

हे आकडे घेऊन वर्गात एक उदाहरण सोडवावे. समजा १०० संशयित मुले आहेत आणि त्यांत खरोखर क्षय २० जणांना आहे. चाचणी त्यांतले सुमारे १६ पकडेल, ४ सुटतील. उरलेल्या ८० पैकी सुमारे १४ जणांना ती चुकून ‘आहे’ म्हणेल. एकूण ३० ‘आहे’ अहवालांत खरे १६, म्हणजे निम्म्याहून थोडेच जास्त. आता १०० पैकी ६० जणांना क्षय आहे असे धरा : खरे ४९, चुकीचे ७. चाचणी तीच, पण अहवालाचा अर्थ बदलला. रुग्णाचा इतिहास, घरात क्षयाचा रुग्ण आहे का, छातीचा फोटो काय सांगतो, हे सारे डॉक्टर का विचारतात याचे उत्तर या गणितात आहे. क्षयजंतूंचा जनुकीय माग काढणारी सीबीनॅट चाचणी अशा द्रवावर आधी करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. तिचा ‘आहे’ हा अहवाल बराच खात्रीचा असतो. पण द्रवात जंतू फार थोडे असतात, म्हणून ‘नाही’ या अहवालावर विसंबून डॉक्टर उपचार थांबवत नाहीत.

अंतर हाही एक घटक आहे

शहरात बसून लिहिलेल्या लेखांतून निसटते ते अंतर. मुरबाडला रेल्वे पोचलेली नाही; तिथून कल्याण रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर. शहापूरपासून ठाणे पन्नास-साठ किलोमीटर. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा प्रवास वेगळाच. द्रव काढल्यावर बाटलीतही घड्याळ चालू असते. पांढऱ्या पेशी तासा-दोन तासांत फुटू लागतात, त्यामुळे मोजणी कमी भरते. पेशी आणि जीवाणू साखर खात राहतात, त्यामुळे साखर खोटीच कमी दिसते. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी तर थंडीने मरणारे जीवाणू संवर्धनात उगवत नाहीत. उलट विषाणू शोधायचा असेल तर थंडावाच लागतो. म्हणून अशा मुलाला बाटलीच्या आधी रुग्णालयात पोचवणे आणि द्रव तिथेच काढून लगेच तपासणे हे श्रेयस्कर.

साखरेचा आकडा एकटा वाचायचा नसतो, हेही इथे महत्त्वाचे. चार दिवस न जेवलेल्या मुलाच्या रक्तात साखर ४५ असेल आणि मेरुद्रवात ३० असेल, तर ते प्रमाण दोन तृतीयांश आहे, म्हणजे ठीक आहे. रक्तात १२० असताना द्रवात ३० असेल तर ते एक चतुर्थांश आहे, आणि ती धोक्याची खूण आहे. त्याच वेळी रक्ताची साखर पाहिली नसेल तर ‘३०’ या आकड्याला अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट. जीवाणूंच्या संसर्गाची दाट शंका असेल आणि सुईला उशीर होणार असेल, तर डॉक्टर प्रतिजैविकाचा पहिला डोस आधी देतात, आणि ते योग्यच आहे. त्याने संवर्धनात जंतू उगवणार नाहीत कदाचित, पण पेशी आणि प्रथिनांतले बदल काही दिवस टिकतात. फक्त औषध केव्हा दिले याची नोंद मुलाबरोबर पुढे जायला हवी. ती चिठ्ठी जपून न्यायला पालकांना सांगणे, हे शिक्षकही करू शकतो.

वर्गात काय करता येईल

उशीचे वाक्य शिकवल्यावर एक प्रयोग करावा. कोमट पाण्यात थोडे ग्लुकोज विरघळवून दोन बाटल्यांत भरावे. एकीत बेकरीचे यीस्ट घालावे, दुसरी तशीच ठेवावी. सुरुवातीला आणि मग दर तासाला थोडा थोडा नमुना काढून बेनेडिक्ट द्रावणाने तपासावा. यीस्टच्या बाटलीतली साखर कमी होत जाते, रंग बदलत जातो. मग मुलांना विचारावे : ही बाटली मुरबाडहून कल्याणला तीन तासांनी पोचली आणि सोबत वेळेची चिठ्ठी नसेल, तर तिथला तपासनीस काय निष्कर्ष काढेल? आमच्या मते या एका प्रश्नात मज्जासंस्थेच्या धड्याहून अधिक विज्ञान आहे.

पुस्तकाने द्रवाला उशी म्हटले, बातमीने आजाराला गूढ म्हटले आणि आमच्या लेखांनी चाचणीला निकाल म्हटले. या तिन्हींत केव्हा, कशाशी ताडून आणि किती खात्रीने, हे तीन प्रश्न राहून गेले. मेरुद्रव साक्ष देतो, पण साक्षीदाराला हे तीन प्रश्न विचारावे लागतात. ते विचारण्याची सवय ज्या वर्गात लागते, तिथून पुढे घरी जाऊन आई-बापांना समजावणारी मुले निघतील. मग सहीसाठी थबकलेल्या बापाला गावाकडे फोन लावावा लागणार नाही; उत्तर त्याच्या घरातच असेल.